पिकअपचा ब्रेक लाइट लागत नाही? आधी तपासा, मग बदला



या पानावर आम्ही एरवी बेण्याची निवड, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेतो. या खेपेचा विषय मात्र उसाचा नाही, दिव्याचा आहे. तोही आपल्या पिकअप गाडीच्या पाठीमागच्या लाल दिव्याचा. "साहेब, ऊस सोडून हे वायरमनचं काम कधीपासून?" असे कुणी विचारील. पण बघा, एके काळी ज्याच्या दारात बैलजोडी होती त्याच्या दारात आज पिकअप उभी आहे. बेणे तिच्यातून येते, खत तिच्यातून येते, तरकारी तिच्यातून मुंबईला जाते. बैलाच्या खुराला खडा लागला तरी पूर्वी आपण वाटेत थांबत असू. गाडीचा ब्रेक लाइट गेला तर मात्र "बघू पोचल्यावर" म्हणून पुढे जातो. हे "बघू पोचल्यावर" किती महागात पडते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या चुकीत आमचाही वाटा आहे. म्हणून हा लेख.

विक्रोळीचा प्रसंग

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आम्हाला भाच्याकडे विक्रोळीच्या कन्नमवार नगरात जायचे होते. आपल्या एका सभासदाचा मुलगा आठवड्यातून तीन वेळा कोथिंबीर, मेथी आणि टोमॅटो घेऊन विक्रोळी-भांडुप भागातल्या भाजीवाल्यांना पुरवतो. दुपारी निघायचे, रात्री कन्नमवार नगरात गाडी लावायची, पहाटे माल वाटायचा, असा त्याचा शिरस्ता. "एस.टी.ला कशाला ताटकळता, चला माझ्याबरोबर," असे तो म्हणाला आणि आम्ही पुढे बसलो. ओतूर सोडले, माळशेज घाट उतरलो, मुरबाड, कल्याण करीत ठाण्याला आलो आणि मुलुंडवरून पूर्व द्रुतगती मार्गाला लागलो.

ओतूरला डिझेल भरताना पंपावरच्या पोऱ्याने एक गोष्ट सांगितली होती. "काका, ब्रेक मारला तर मागं काही लाल होत नाही." चालक म्हणाला, "दोन महिन्यांपूर्वीच एका वायरमनने स्विच नवा घातलाय." आम्ही म्हणालो, "पोचल्यावर बघू." ऊस विकास अधिकारी म्हणून शेतकऱ्याला "आज फवारा, उद्यावर टाकू नका" असे सांगणारे आम्ही, त्या दिवशी स्वतःच उद्यावर टाकून मोकळे झालो.

विक्रोळीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि पाऊस धरून होता. हमरस्ता सोडून डावीकडे वस्तीत वळण्यासाठी चालकाने वेग कमी केला. तोच मागून धाडकन आवाज आला. कामावरून घरी निघालेला एक तरुण मोटारसायकलसह फाळक्यावर आदळून रस्त्यावर पडला होता. डोक्याला शिरस्त्राण होते म्हणून डोके वाचले, पण मनगट मोडले. आपला चालक उतरून त्याच्यावरच ओरडला, "डोळे कुठं होते तुझे? एवढे दोन लाल दिवे लागलेत!" तो पोरगा वेदनेने कळवळत म्हणाला, "दिवे होते की. पण ते वाढले नाहीत. मला वाटलं गाडी चालतेय."

तेवढ्यात हवालदार आले. ते मागे उभे राहिले आणि चालकाला म्हणाले, "बस आत, दाब ब्रेक." त्याने पेडल दाबले. डावा दिवा होता तसाच राहिला. उजवा दिवा वाढायच्या ऐवजी उलट मंद झाला. कुणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे राहिलेच नव्हते.

जखमी तरुणाला दवाखान्यात पोचवून पोलीस चौकीतले सोपस्कार उरकायला रात्रीचे दहा वाजले. तिथून वस्तीपर्यंत गाडी नेताना चारही इंडिकेटर चालू ठेवले आणि भाचा हातात बॅटरी घेऊन मागे चालत आला. पहाटे गाडी हलवली नाही. भाजीवाल्यांना फोन करून गाडीपाशीच बोलावले, माल वाटला आणि उजेड झाल्यावर आम्ही दोष शोधायला बसलो. शेतकी पदविकेच्या वेळी ट्रॅक्टर आणि यंत्रे हा विषय होता, तो त्या दिवशी कामी आला.

हा दिवा वेगळा का

गाडीचे बहुतेक दिवे आपल्यासाठी असतात. हेडलाइट गेला तर रस्ता दिसत नाही, लगेच कळते. इंडिकेटरचा बल्ब गेला तर बऱ्याच गाड्यांत टिकटिक जलद होते, तीही कळते. ब्रेक लाइट मात्र गाडी चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. तो दिवा सर्वस्वी मागच्या माणसासाठी आहे. म्हणून तो गेल्याचे आपल्याला कळत नाही, आणि ज्याला कळते त्याला ते उशिरा कळते.

थोडा हिशेब करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली मोटारसायकल एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते; ताशी ६० असेल तर सुमारे १७ मीटर. समोरची गाडी वेग कमी करते आहे हे लाल दिवा एकदम वाढल्यावर चटकन ध्यानात येते. दिवा वाढला नाही तर अंतर कमी झाल्यावरच उमगते. यात एक सेकंद जादा गेला तरी मागचा माणूस ११ मीटर पुढे आलेला असतो. ११ मीटर म्हणजे आपल्या पिकअपच्या दोन लांब्या. विक्रोळीला तेवढेच अंतर कमी पडले.

कायद्यातही हे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०२ व्या नियमाप्रमाणे वाहन थांबवण्याचा इशारा पाठीमागच्या लाल स्टॉप लाइटने दिला गेला पाहिजे आणि ब्रेक लावताच तो पेटला पाहिजे. अमेरिकेत १९८६ सालच्या मॉडेलपासून मोटारींना आणि १९९४ पासून हलक्या मालवाहू गाड्यांना मागच्या बाजूस उंचावर तिसरा ब्रेक लाइट सक्तीचा केला. पुढे तेथील सरकारी खात्याने पडताळा घेतला, तेव्हा या एका जादा दिव्याने मागून होणाऱ्या धडका कायमस्वरूपी ४.३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. जादा तिसऱ्या दिव्याचा एवढा उपयोग असेल, तर आपले मूळचे दोन बंद ठेवण्याचे नुकसान किती, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

वीज म्हणजे पाटाचे पाणी

ब्रेक लाइटची वायरिंग समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. आपल्या पाटाच्या पाण्यासारखीच ती आहे.

बॅटरी म्हणजे तलाव. तिथून निघालेली वायर म्हणजे चारी. वाटेत फ्यूज आहे. पाणी बेसुमार आले तर आधी फुटून पुढचे रान वाचवणारा तो कच्चा बांध समजा. पुढे ब्रेकच्या पेडलापाशी स्विच आहे, ते चारीचे दार. पेडल दाबले की दार उघडते. तिथून वायर चासीच्या कडेने मागे जाते आणि दोन्ही बाजूंच्या बल्बांना पोचते. बल्ब पेटवून वीज गाडीच्या लोखंडी चासीतून बॅटरीकडे परत जाते. या परतीच्या वाटेला आपण अर्थ म्हणतो.

लोक चूक करतात ती इथेच. येणाऱ्या पाण्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, निचऱ्याकडे कुणाचे नसते. शेताला निचरा नसला तर कितीही पाणी सोडा, रान चिबडते आणि पीक पिवळे पडते. तसेच अर्थ धड नसला तर फ्यूज चांगला, स्विच नवा, बल्ब कोरा, आणि तरीही दिवा मिणमिणता.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ पिकअपना मागे एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. एक ५ वॅटची, ती रात्रीच्या पार्किंग दिव्याची. दुसरी २१ वॅटची, ती ब्रेकची. दोन्हीचा उजेड एकाच लाल काचेतून येतो. म्हणून रात्री मागे दोन लाल दिवे दिसले तरी ब्रेकची तार शाबूत आहे असे समजू नये. विक्रोळीला चालकाची फसगत झाली ती यामुळेच.

तपासणीचा क्रम

तपासणीला लागणारे सामान थोडे आहे: पेचकस, पॉलिश पेपर, हातभर वायरचा तुकडा आणि एक टेस्ट लॅम्प. बारा व्होल्टच्या ५ वॅट बल्बला दोन वायरी जोडाव्यात. एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला टोकदार सळई लावावी. झाला टेस्ट लॅम्प. चिमटा चासीच्या स्वच्छ लोखंडाला लावायचा आणि सळई तपासायच्या जागी टेकवायची. लॅम्प पेटला तर तिथपर्यंत वीज आली असे समजावे. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हॅण्डब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड लावलेला असावा. काही गाड्यांत किल्ली फिरवल्याशिवाय ब्रेक लाइटला वीज येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पहिली पायरी: बघणे. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने मागे उभे राहावे. एकदा पार्किंग दिवे बंद ठेवून, एकदा चालू ठेवून. एक बाजू गेली आहे की दोन्ही, दिवा मंद होतो का, दुसराच एखादा दिवा लुकलुकतो का, हे नीट पाहावे. निम्मा दोष इथेच सापडतो. आम्ही पाहिले तेव्हा डाव्या दिव्यात काही फरक पडत नव्हता. उजवा मंद होत होता आणि त्याच्या शेजारचा इंडिकेटर बारीकसा पेटत होता.

दुसरी पायरी: बल्ब. लाल काच काढून बल्ब आत दाबून फिरवला की निघतो. काच काळी पडली आहे का, आतली तार तुटली आहे का, ते उजेडाकडे धरून बघावे. डावा बल्ब काढला तर बारीक तार शाबूत होती, ब्रेकची जाड तार मात्र तुटलेली. म्हणजे तो दिवा रात्री लागत होता, ब्रेकला लागत नव्हता. कोण जाणे किती महिने! नवा बल्ब घालताना जुना बल्ब दुकानात नेऊन जोडीस जोड आणावा. दोन तारांच्या बल्बच्या बगलेतल्या दोन खुंट्या खालीवर असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. बसत नाही म्हणून दाबून बसवू नये, आणि दोन तारांच्या जागी एका तारेचा बल्ब घालू नये. तसे केले तर ब्रेक दाबताच पार्किंगचे दिवेही पेटतात आणि सगळा गोंधळ होतो.

तिसरी पायरी: फ्यूज. दोन्ही बाजू एकदम गेल्या असतील तर आधी फ्यूज बघावा. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा ते छापलेले असते. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात. हॉर्नही मुका झाला असेल तर खूण पटली. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. गेलेल्याच्या रंगाचाच नवा घालावा. नवा फ्यूजही लगेच गेला तर कुठेतरी वायर सोलून चासीला टेकली आहे. हौद्याच्या खाली, पाट्यांच्या वर आणि मागच्या दिव्याच्या भोकाशी ती बहुधा घासते. आमचा फ्यूज ठीक होता.

चौथी पायरी: पेडलचा स्विच. पेडलच्या वर पाहिले तर दोन वायरींचा लहानसा स्विच दिसतो. पेडल सोडलेले असताना त्याची दांडी दबलेली असते. पेडल खाली गेले की दांडी बाहेर येते आणि दिवा लागतो. स्विच पेडलाच्या फार जवळ बसवला असेल तर दिवा उशिरा लागतो किंवा लागतच नाही. फार लांब असेल, किंवा पेडलवरची रबरी गुंडी झिजून पडली असेल, तर दिवा सदोदित लागून राहतो. काही जुन्या गाड्यांत हा स्विच पेडलापाशी नसून ब्रेक ऑइलच्या नळीवर असतो. दोन वायरींचा साधा स्विच असेल तर प्लग काढून त्याची दोन टोके वायरच्या तुकड्याने क्षणभर जोडावीत. दिवे लागले तर स्विच खराब, नाही लागले तर स्विचला दोष देऊ नये. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ च्या गाड्या आल्या. अशा गाड्यांत हा स्विच इंजिनच्या कॉम्प्युटरलाही खबर देतो आणि त्याला दोनापेक्षा जास्त वायरी असतात. तिथे असले जोडकाम करू नये, जाणकाराकडे जावे.

आम्ही स्विच तपासला. नवाकोरा, उत्तम चालणारा. जुनाही बहुधा तसाच असावा! दोन्ही दिवे गेले म्हणजे स्विचच, असा अंदाज बांधून तो बदलला गेला आणि बदलल्यावर मागे उभे राहून कुणी पाहिले नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

पाचवी पायरी: मागची वीज. पेडल दाबून ठेवायला एकाला सांगावे आणि मागे होल्डरमधल्या ब्रेकच्या टोकाला सळई टेकवावी. टेस्ट लॅम्प झगझगीत पेटला तर बॅटरीपासून इथपर्यंत सगळी चारी वाहती आहे. नाही पेटला तर स्विच आणि होल्डर यांच्या मधली वायर तुटली आहे. आमचा लॅम्प दोन्हीकडे छान पेटला. म्हणजे पाणी शेतापर्यंत पोचले होते. मग उजवा दिवा का वाढेना?

सहावी पायरी: अर्थ. वायरच्या तुकड्याचे एक टोक होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरे चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या जागी लावले. भाच्याने पेडल दाबले, आणि उजवा दिवा असा लखलखला की पलीकडच्या इमारतीच्या गॅलरीतून एका आजींनी विचारले, "काय झालं रे?" सापडले होते. दिव्याचा अर्थ चासीला ज्या स्क्रूने जोडलेला होता, तो गंजून हिरवा-पांढरा झाला होता. पार्किंगच्या बारीक तारेपुरती वीज तो कशीबशी परतवत होता. ब्रेकची जाड तार जास्त वीज मागते, तेवढी त्याच्यातून जाईना. मग वाट अडलेली वीज शेजारच्या इंडिकेटरच्या तारेतून वाट काढू बघत होती, म्हणून तो लुकलुकत होता.

स्क्रू काढला, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासला, नवा स्क्रू दातेरी वॉशर घालून आवळला आणि वरून ग्रीस फासले. डावीकडे नवा बल्ब घातला. दुसऱ्या बाजूचाही अर्थ तसाच स्वच्छ केला. सगळे मिळून तासाभराचे काम, आणि खर्च दोन माणसांच्या चहा-नाश्त्याएवढा.

एक दोष आधीपासून होता, दुसरा नंतर आला. डावा गेला तेव्हा उजवा होता म्हणून कुणाच्या ध्यानात आले नाही, आणि उजवा गेला तेव्हा दोन्ही गेले. म्हणून सांगतो, दोन्ही दिवे लागत नसले तरी दोष एकच असेल असे गृहीत धरू नका.

गंज आला कुठून

हा प्रश्न आमच्या खात्याचा, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. हा गंज तीन ठिकाणांहून आला.

एक, पालेभाजीचे पाणी. कोथिंबीर-मेथी ताजी राहावी म्हणून वाटेत पाणी मारतात. ते हौद्याच्या मागच्या कोपऱ्यातून झिरपून थेट दिव्यांवर उतरते.

दोन, खत. याच हौद्यातून युरिया आणि पोटॅशची पोती येतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. पोत्यातून सांडलेली खताची भुकटी हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंड खाते. खत वाहिल्यावर हौदा नुसता झाडून भागत नाही, धुवावा लागतो.

तीन, खाडीची हवा. कन्नमवार नगराच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आणि खारफुटीचे जंगल आहे. तिथे आठवड्यातून तीन रात्री गाडी उघड्यावर राहते. खारट दमट हवेत लोखंड आपल्याकडच्यापेक्षा लवकर गंजते, हे मुंबईकरांना सांगायला नको.

तेव्हा ज्यांच्या गाड्या मुंबईला जातात आणि खतही वाहतात, त्यांनी पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मागच्या दिव्यांचे अर्थ, होल्डर आणि जोड साफ करून ग्रीस लावून घ्यावेत.

लक्षण आणि दोष

कापून भिंतीला लावता यावे म्हणून थोडक्यात देतो.

१. एकाच बाजूचा ब्रेक लाइट लागत नाही: बल्ब किंवा त्या बाजूचा होल्डर.
२. दोन्ही लागत नाहीत: फ्यूज, स्विच किंवा मुख्य वायर, पण दोन्ही बल्बही तपासावेत.
३. ब्रेक दाबला की दिवा मंद होतो किंवा भलताच दिवा लुकलुकतो: अर्थ.
४. ब्रेक दाबताच पार्किंग दिवे लागतात: चुकीचा बल्ब किंवा होल्डरमध्ये दोन टोके एकत्र.
५. खड्ड्यात गाडी आदळली की लागतो-विझतो: ढिला होल्डर, तुटत आलेली वायर.
६. दिवा विझतच नाही: स्विचचे अंतर किंवा पेडलची रबरी गुंडी. दोन्ही बल्ब मिळून सुमारे साडेतीन अँपिअर वीज खातात. दहा तासांत ६० अँपिअर-तासाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी होते. शिवाय सदा पेटलेला दिवा मागच्याला काहीच सांगत नाही.
७. फ्यूज पुन्हा पुन्हा जातो: वायर सोलून चासीला टेकली आहे.

हे करू नका

फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका. फ्यूज जाणे हा दोष नाही, दोष असल्याची ती वर्दी आहे. कच्चा बांध सिमेंटचा केला तर पाणी घरात शिरेल, आणि इथे पाण्याच्या जागी आग आहे. वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी लावू नका. पावसाळ्यात त्यात पाणी धरते. फुटलेल्या काचेवर लाल रंग मारू नका. उजेड बाहेर येत नाही. हौद्यावर ताडपत्री टाकताना तिची झूल दिव्यावर येऊ देऊ नका. नव्या गाड्यांत एल.ई.डी.चे दिवे आहेत. साधा बल्ब पूर्ण पेटायला सुमारे एक पंचमांश सेकंद घेतो, एल.ई.डी. तत्काळ पेटते, हा तिचा फायदाच आहे. पण तिच्या जागी भलता बल्ब बसवण्याचा उद्योग करू नये.

हंगामाच्या तोंडावर

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. ऊस विकास अधिकाऱ्याने हे का लिहावे? मोळी पडली की रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर असते. पिकअपचा हा धडा ट्रॉलीला दुप्पट लागू आहे. पुष्कळ ट्रॅक्टरना ब्रेक लाइट असतो, पण मागे दोन ट्रॉल्या जोडल्या की तो दिसतो कुणाला? ट्रॉलीचा सात पिनांचा प्लग जोडलेला असला पाहिजे, आणि दिवा शेवटच्या ट्रॉलीच्या शेपटाला लागला पाहिजे. पाणी पोटचारीच्या शेपटाला पोचल्याशिवाय आपण पाळी पूर्ण झाली म्हणतो का?

ट्रॉलीचा अर्थ नुसत्या हुकाच्या पिनेवर सोडू नका. पीन हलते, तिला ग्रीस आणि माती असते. अर्थ धरतो आणि सुटतो. प्लगमधून अर्थाची स्वतंत्र वायर ओढा. मोळ्या रचताना वाढे दिव्यावर लोंबणार नाहीत हे बघा. मागे लाल, पुढे पांढऱ्या आणि बाजूला पिवळ्या चमकत्या पट्ट्या लावाच. पण पट्टी लावली म्हणजे दिव्याचे काम झाले असे समजू नका. पट्टी म्हणते, "मी इथे आहे." ब्रेक लाइट म्हणतो, "मी थांबतोय." मागच्या माणसाला दोन्ही कळायला हवे.

हंगामाआधी प्रत्येक गट ऑफिसात एक टेस्ट लॅम्प आणि पॉलिश पेपर ठेवण्याची व्यवस्था आम्ही केली आहे. चिटबॉयलाही सांगितले आहे की तोडणीच्या फडातून वाहन निघताना मागे उभे राहून एकदा ब्रेक दाबायला सांगावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. एकटे असाल तर भिंतीला पाठ करून गाडी लावा आणि भिंतीवर लाल उजेड पडतो का ते आरशात बघा. पण खरे म्हणजे दुसऱ्या माणसाचे डोळेच लागतात. आपला सहकार तरी दुसरा कशावर उभा आहे? आपल्याला न दिसणारी आपली चूक शेजाऱ्याने सांगायची आणि आपण ती ऐकायची. ओतूरच्या पंपावरच्या त्या पोऱ्याने सांगितले होते. आम्ही ऐकले नाही.

त्या तरुणाचे मनगट आता बरे झाले आहे. उपचाराचा खर्च आपल्या सभासदाच्या मुलाने भरला आणि दीड महिना त्याचा रोज बुडाला त्याचीही भरपाई केली. दिवाळीला तो त्याच्या घरी जाऊन आला. त्याच्या पिकअपच्या फाळक्याला पडलेला पोचा मात्र त्याने अजून काढून घेतलेला नाही. आम्ही विचारले, तर म्हणाला, "राहू द्या साहेब. गाडी सुरू करण्याआधी मागं जाऊन बघायची आठवण राहते."

आजच संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी गाडीच्या मागे उभे करा आणि पेडल दाबा. दिवा नुसता लागतो का एवढेच विचारू नका. वाढतो का, ते विचारा.

आपला,
ऊस विकास अधिकारी